मात्सुतोमोची कारकीर्द आणि तुमच्या मुलीची जोडीदार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी चौदा वर्षांची आहे. बॅडमिंटनच्या एकेरीत जिल्ह्यात पहिली येते, पण राज्य स्पर्धेत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपुढे सरकत नाही. प्रशिक्षकांनी ‘हिला आता दुहेरीत टाका’ म्हटलं आणि घरात सुतकी शांतता पसरली. मुलगी मात्र खूश आहे, कारण तिला जपानची दुहेरी खेळाडू मिसाकी मात्सुतोमो आवडते आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या तिच्या फायनलचे तुकडे ती मोबाइलवर रोज बघते. ही जपानी मुलगी घडली कशी आणि तो रस्ता आपल्याला जमेल का, असं तुम्ही विचारलंत. शेवटी जाता जाता, किरकोळ बाब असावी तसं, हेही विचारलंत की सध्याची जोडीदार जरा हळू आहे, दुसऱ्या एका मुलीचे वडील तयार आहेत, तर बदलून टाकावी का.

मी नागपुरात २२ वर्षं शिकवते आहे, त्यातली बहुतेक दुहेरी. तुमचे बाकीचे प्रश्न त्या शेवटच्या प्रश्नात अडकलेले आहेत, म्हणून तिथे मी सगळ्यात शेवटी येईन.

आधी ती सुतकी शांतता. एकेरीत जमलं नाही त्याने दुहेरी खेळावी हा समज आपल्या हाडीमांसी खिळलेला आहे, आणि त्याची किंमत आपण दिल्लीत मोजली आहे. २०१४ चा उबर कप, म्हणजे महिला संघांची जागतिक स्पर्धा, दिल्लीत होता. उपांत्य फेरीत भारतासमोर जपान. सायना आणि सिंधू या दोघींनी आपापल्या एकेरी जिंकल्या, आपण २-० ने पुढे. मग दुहेरीला ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा उतरल्या. समोर मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी. आपल्या मुली तीन गेम झुंजल्या आणि हरल्या. तिसरी एकेरीही गेली. २-२ झाल्यावर निर्णायक सामना दुसऱ्या दुहेरीचा होता आणि आपल्याकडे त्या तोडीची दुसरी जोडीच नव्हती. सायना आणि सिंधूलाच एकत्र उभं केलं. जगातल्या दोन उत्तम एकेरी खेळाडू एका कोर्टात, तरी समोरची जोडी त्यांना जड गेली. मी त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये मुलींना गोळा करून तो सामना दाखवत होते. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, या दोघी एवढ्या भारी आहेत, मग एकमेकींच्या मध्ये शटल कसं काय पडतंय?’ यापेक्षा चांगला प्रश्न मला गेल्या दहा-बारा वर्षांत कोणी विचारलेला नाही.

एकमेकींच्या मध्ये. दुहेरीचं कोर्ट ६.१ मीटर रुंद असतं. त्यात दोघी उभ्या राहिल्या की मधोमध जी जागा उरते ती कोणाची, याचं उत्तर प्रत्येक फटक्याला बदलतं. ते उत्तर बोलून ठरवायला वेळ नसतो. त्यासाठी वर्षं घालवावी लागतात.

आता मात्सुतोमो. जन्म फेब्रुवारी १९९२ चा, जपानच्या शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतातला. हायस्कूलसाठी ती घर सोडून थेट उत्तरेला, सेंदाई शहरातल्या सेंट उर्सुला शाळेत गेली. जपानमध्ये हे नवलाचं नाही. काही हायस्कुलं एखाद्या खेळासाठी प्रसिद्ध असतात, देशभरातून मुलं तिथे राहायला येतात, आणि दर उन्हाळ्यात ‘इंटरहाय’ नावाची आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथे नाव काढलं की पुढचं दार उघडतं. त्याच शाळेत तिच्या एक वर्ष पुढे अयाका ताकाहाशी होती. ती नारा प्रांतातून आलेली. २००७ मध्ये शाळेनेच दोघींना एकत्र खेळवलं. मात्सुतोमो तेव्हा पंधरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा एकाच वर्षाने मोठी.

लक्षात घ्या, त्या काळात ती एकेरीही जोरात खेळत होती. एकेरीतून हाकललेली मुलगी दुहेरीत आली, असं काही घडलेलं नाही. एकेरीने तिला पाय दिले, संयम दिला, नेटजवळचा नाजूक हात दिला, आणि ते सगळं तिने दुहेरीत आणून ओतलं. म्हणून तुमच्या प्रशिक्षकांना माझा एक निरोप सांगा: दुहेरीत अवश्य टाका, पण अजून दोन-तीन वर्षं एकेरी सोडवू नका. पंधराव्या वर्षी एकेरी सोडलेल्या मुली सतराव्या वर्षी मागच्या कोपऱ्यात पोहोचताना धापा टाकतात.

शाळा संपली की तिकडे कंपनी असते, आणि हा भाग आपल्याकडच्या पालकांना नीट ठाऊक नसतो. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे बॅडमिंटन संघ आहेत. खेळाडू त्या कंपनीची नोकरदार असते, पगार कंपनीचा, हॉल कंपनीचा, प्रशिक्षक कंपनीचे, आणि कंपन्यांची आपसांत राष्ट्रीय लीग चालते. ताकाहाशी निप्पॉन युनिसिस या संगणक क्षेत्रातल्या कंपनीत २००९ मध्ये गेली. वर्षभराने मात्सुतोमोची शाळा संपली आणि तीही त्याच कंपनीत. आज त्या कंपनीचं नाव बिप्रोजी आहे. आपल्याकडेही रेल्वे आहे, पेट्रोलियम कंपन्या आहेत, त्यांनी कितीतरी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. फरक एवढाच की आपल्याकडे नोकरी एका खेळाडूला मिळते. एक जण रेल्वेत मुंबईला, दुसरी बँकेत चेन्नईला, आणि जोडी भेटते ती स्पर्धेच्या आदल्या रात्री. युनिसिसने एकाच छताखाली दोघींना रोज उभं केलं, आणि वर्षानुवर्षं केलं.

कोणी ‘जपानी शिस्त’ म्हणालं की मला वैताग येतो तो याच कारणाने. शिस्त हा शब्द काहीच सांगत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानचे जवळपास सगळे बॅडमिंटनपटू पहिल्याच फेरीत गारद झाले होते. ते काय बेशिस्त होते? बदललं ते दुसरंच. त्याच वर्षाच्या शेवटी कोरियाचे पार्क जू-बोंग जपानचे मुख्य प्रशिक्षक झाले. हा माणूस १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला पुरुष दुहेरीचा सुवर्णविजेता, म्हणजे दुहेरी रक्तात असलेला. त्यांच्या आधी राष्ट्रीय संघ म्हणजे कंपन्यांकडून थोड्या दिवसांसाठी उसने घेतलेले खेळाडू, असा प्रकार होता. पार्क यांनी कंपन्यांशी पुन्हा पुन्हा बोलून राष्ट्रीय शिबिरांचे दिवस वाढवून घेतले. २००८ मध्ये टोकियोत राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्या शिबिरांना पक्कं घर मिळालं. पार्क २०२५ पर्यंत तिथे होते. वीस वर्षं एकच मुख्य प्रशिक्षक! आपल्याकडे तेवढ्यात किती जण येऊन गेले ते तुम्हीच मोजा.

फळ लगेच आलं नाही, आणि आलं ते आधी महिला दुहेरीत. २००८ च्या बीजिंगला मियुकी माएदा आणि सातोको सुएत्सुना यांनी चीनच्या जगज्जेत्या यांग वेई आणि झांग जिएवेन यांना उपांत्यपूर्व फेरीत घरच्या प्रेक्षकांसमोर हरवलं. पदक मिळालं नाही, चौथ्या आल्या. २०१२ ला लंडनमध्ये मिझुकी फुजी आणि रेइका काकिइवा रौप्यपदकापर्यंत गेल्या, आणि ते जपानचं ऑलिंपिकमधलं पहिलं बॅडमिंटन पदक ठरलं.

लंडनचं नाव निघालं की आपल्याला आपलं दुखणं आठवतं. ज्वाला आणि अश्विनी त्याच गटात होत्या. फुजी-काकिइवांकडून त्या हरल्या, पण तैपेई आणि सिंगापूरच्या जोड्यांना त्यांनी हरवलं. मग जपानची जोडी शेवटच्या सामन्यात तैपेईकडून हरली, तिन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले, आणि एका गुणाच्या फरकाने आपण बाहेर. भारताने तक्रार केली, उपयोग झाला नाही. ज्वाला जन्माने वर्ध्याची, त्यामुळे आमच्या विदर्भात त्या एका गुणाचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. पण रागाच्या भरात एक गोष्ट निसटते. मात्सुतोमो आणि ताकाहाशी त्या लंडनला नव्हत्याच. दोघी तेव्हा राष्ट्रीय विजेत्या होत्या, तरी ऑलिंपिकच्या दोन जागा जपानच्या दुसऱ्या जोड्यांना मिळाल्या. वीस वर्षांच्या मुलीने ते ऑलिंपिक घरी बसून पाहिलं. आपल्याकडे त्या टप्प्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे: दोन्ही घरांत बैठका होतात, ‘तुझ्यामुळे’ सुरू होतं आणि महिन्याभरात जोडी फुटते. त्यांची फुटली नाही. कंपनी तीच, हॉल तोच, जोडीदार तीच.

२०१४ मध्ये त्यांच्या गाडीने वेग घेतला. इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, ऑक्टोबरमध्ये जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक, डिसेंबरमध्ये दुबईत सुपर सिरीज फायनल्सचं विजेतेपद. मार्च २०१६ मध्ये ऑल इंग्लंड, बॅडमिंटनमधली जुनी, मानाची स्पर्धा. तिथल्या फायनलमध्ये चीनच्या तांग युआनतिंग आणि यू यांग यांना त्यांनी २१-१०, २१-१२ असं धुतलं. जपानी महिला जोडीने ते विजेतेपद याआधी जिंकलं होतं १९७८ मध्ये. मधल्या काळातल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत मात्र त्यांच्या हाती काही लागलं नाही. जागतिक स्पर्धेचं पदक त्यांना २०१७ मध्ये मिळालं, तेही कांस्य, आणि तिथलं सोनं तर कधीच नाही. हे मुद्दाम सांगते आहे. मोबाइलवर तुमच्या मुलीला फक्त रिओ दिसतं.

आता रिओ. १८ ऑगस्ट २०१६. तुम्हाला ही तारीख सिंधूमुळे आठवत असेल, कारण त्याच दिवशी तिने उपांत्य फेरीत जपानच्या नोझोमी ओकुहाराला हरवलं आणि आपण फटाके वाजवले. त्याच दिवशी त्याच सभागृहात महिला दुहेरीची फायनल झाली. ती आपल्यातल्या किती जणांनी पाहिली, देव जाणे. गटात ज्वाला-अश्विनी याच जोडीकडून १५-२१, १०-२१ हरल्या होत्या, त्यामुळे मी मात्र पाहत होते.

समोर डेन्मार्कच्या क्रिस्टिना पेडरसन आणि कामिला रायटर यूल, एक तिशीची, दुसरी त्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघी अनुभवी आणि आडदांड पोहोच असलेल्या. पहिला गेम त्यांचा, १८-२१. दुसरा जपानचा, २१-९. तिसऱ्यात १६-१९. दोन गुण आणि सगळं संपलं असतं. तिथून सलग पाच गुण घेत २१-१९. जपानचं बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. मात्सुतोमो चोवीस वर्षांची, ताकाहाशी सव्वीस, जोडी नऊ वर्षांची.

तुमची मुलगी त्या पाच गुणांत काय बघत असेल, मला अंदाज आहे. शटल. सगळे शटलच बघतात, आणि शटल बघितलं की मात्सुतोमो दिसत नाही. तिची उंची १५९ सेंटिमीटर. स्मॅशची ताकद म्हणाल तर ती ताकाहाशीकडे. जपानीत पुढे खेळणारीला ‘झेन्एई’ म्हणतात आणि मागे खेळणारीला ‘कोएई’. शब्दशः पुढची राखण आणि मागची राखण. मात्सुतोमो झेन्एई. तिचं काम शटल मारणं हे क्वचित असतं. समोरच्या दोघींना जो फटका हवा आहे तो त्यांच्या हातून काढून घेणं हे तिचं काम.

हे जरा उलगडून सांगते, कारण या जागी मी मुलींचे आणि पालकांचेही सगळ्यात जास्त गैरसमज पाहते.

महिला दुहेरीत स्मॅशने गुण सहज मिळत नाही. बचाव इतका पक्का असतो की चार स्मॅश मारले तरी पाचवा परत येतो. म्हणून रॅली लांबते, चाळीस-पन्नास फटक्यांच्या रॅली सर्रास होतात. मागची खेळाडू स्मॅश मारते तेव्हा समोरचीला परतवण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते असतात. नेटजवळ अलगद ठेवणं, सपाट ड्राइव्ह मारणं, नाहीतर पुन्हा उंच मागे उचलणं. उंच उचललं की मागचीला पुन्हा तेच कष्ट. पुढे उभी असलेली खेळाडू जर नेटच्या अगदी नाकाला चिकटून उभी राहिली, तर नेटचा रस्ता बंद होतो पण ड्राइव्ह तिच्या कानाजवळून निघून जातो. एक पाऊल मागे राहिली तर ड्राइव्ह अडतो आणि नेट उघडं पडतं. आपल्या मुली या दोहोंपैकी एक जागा पकडतात आणि खांबासारख्या उभ्या राहतात. मात्सुतोमो खांब नाही. ताकाहाशीचा स्मॅश जोडीदाराच्या रॅकेटवरून सुटतो त्या क्षणी ती अर्धं पाऊल सरकलेली असते, कधी डावीकडे, कधी मागे, आणि ते समोरचीला दिसावं अशा बेताने. समोरचीला वाटतं, ड्राइव्हचा रस्ता गेला. मग ती नेटवर ठेवायला जाते, आणि ही तिथे रॅकेट वर धरून हजर. नाहीतर समोरची इतकी गोंधळते की अर्धवट उचलते, आणि ते अर्धवट शटल ताकाहाशीला मेजवानी.

पुन्हा ते पाच गुण बघा. १६-१९ ला घाबरलेली झेन्एई काय करते? प्रत्येक शटलवर झडप घालते. गुण मिळवायची घाई होते, रॅकेट उतावळं होतं, जोडीदाराच्या हद्दीतलं शटलही ती ओढते. मात्सुतोमोच्या चेहऱ्यावर तर काही दिसतच नाही, पण चेहऱ्याचं सोडा. तिचे पाय बघा. पहिल्या गेममध्ये होते तसेच आहेत. जे शटल ताकाहाशीचं आहे ते ती ताकाहाशीला सोडते. मागे मान वळवून बघत नाही. नऊ वर्षं मागे तीच मुलगी आहे, बघायचं काय?

मी स्वतः विद्यापीठाच्या संघात झेन्एई होते, तेव्हा हा शब्द माहीत नव्हता, ‘तू पुढे थांब’ एवढंच. माझी जोडीदार आणि मी चार वर्षं एकत्र खेळलो. एका मोठ्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी निवड समितीतल्या कोणाला तरी वाटलं की दोन बलवान जोड्या फोडून एक महाबलवान जोडी करावी. मला एका उत्तम खेळाडूसोबत उतरवलं. माझ्या जोडीदारापेक्षा ती प्रत्येक बाबतीत सरस होती. पहिल्या फेरीत हरलो. मी अख्खा सामना मान वळवून मागे बघत होते.

सोन्यानंतरचं थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्वांगझूत त्यांनी वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स जिंकली. तेव्हा मात्सुतोमो सव्वीस वर्षांची होती, संपलेली नव्हती. पण घरातच गर्दी झाली होती. युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता ओळीने तीन वर्षं, २०१७ ते २०१९, जागतिक स्पर्धेच्या फायनलला गेल्या. मायु मात्सुमोतो आणि वाकाना नागाहारा यांनी २०१८ ला नानजिंगमध्ये आणि २०१९ ला बासेलमध्ये त्यांनाच हरवून जगज्जेतेपद मिळवलं, दोन्ही वेळा तिसऱ्या गेममध्ये, २२-२० आणि २३-२१ असं. एका देशाच्या तीन जोड्या जगाच्या अगदी वरच्या रांगेत, आणि ऑलिंपिकला एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या जातात. रिओची सुवर्णविजेती जोडी टोकियोच्या शर्यतीत आपल्याच देशात तिसरी होती. त्यात महासाथीने ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं. ऑगस्ट २०२० मध्ये ताकाहाशीने निवृत्ती जाहीर केली.

त्या दिवशी मात्सुतोमो अठ्ठावीस वर्षांची होती, शरीर ठणठणीत, हात तोच, डोकं तेच. आणि महिला दुहेरीतली तिची कारकीर्द संपली. दुहेरीची क्रमवारी खेळाडूची नसते, जोडीची असते. नवी जोडीदार आणली तर जवळपास मुळापासून सुरुवात. तिने दुसरी मुलगी शोधली नाही. ती युकी कानेकोसोबत मिश्र दुहेरीकडे वळली. मिश्र दुहेरीत मुलगी बहुतेक वेळ पुढेच असते, म्हणजे तिचं झेन्एईपण तिथे कामाला आलं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, आणि थोडा वाईटही वाटतो. तेरा वर्षं मागे एकच माणूस असल्यावर दुसऱ्या कोणाला तिथे उभं करायचं कसं?

टोकियोत काय झालं ते ठाऊक असेल. हिरोताच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट ऑलिंपिकच्या महिनाभर आधी गेला. ती पायाला भलामोठा पट्टा बांधून खेळली आणि उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून हरली. नागाहारा-मात्सुमोतो त्याच फेरीत कोरियाच्या जोडीकडून तिसऱ्या गेममध्ये २६-२८ हरल्या. २६-२८! सोनं इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी रहायू यांनी नेलं.

पण साखळी तुटली नाही, कारण ती एका जोडीवर टांगलेली नव्हतीच. चिहारू शिदा आणि नामी मात्सुयामा बघा. शिदा अकिताची, मात्सुयामा फुकुओकाची, म्हणजे देशाची दोन टोकं. दोघी आओमोरी यामादा या शाळेत भेटल्या, शिदा एक वर्ष पुढे. शाळेतच जोडी जमली. मग दोघी कुमामोतोच्या साइशुनकान या औषध-प्रसाधन कंपनीच्या संघात, एकीमागून एक. २०२२ चं ऑल इंग्लंड, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य, २०२५ ला पुन्हा ऑल इंग्लंड. नावं आणि शहरं बदला, गोष्ट मात्सुतोमोचीच आहे. जपानी प्रेक्षक तर जोडीला एकच नाव देतात, दोघींच्या आडनावांचे तुकडे जोडून: शिदामात्सु, फुकुहिरो, आणि आपल्या या दोघींचं ताकामात्सु, जे शिकोकूवरच्या एका शहराचंही नाव आहे. 

पॅरिसला शिदा-मात्सुयामाच्या गटात अश्विनी पोनप्पा होती, या वेळी सोबत आपली गोवेकर तनिषा क्रास्टो. ११-२१, १२-२१. अश्विनीच्या वाट्याला लंडन, रिओ, पॅरिस या तिन्ही ऑलिंपिकमध्ये गटात जपानी जोडी आली, आणि तिन्ही वेळा त्या जोडीने पदक नेलं: रौप्य, सुवर्ण, कांस्य. तिन्ही जोड्या वेगळ्या. मला त्या खेळाडूचं फार कौतुक वाटतं, आणि आपल्या व्यवस्थेची तितकीच चीड येते. ज्वाला आणि अश्विनीने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं, महिला दुहेरीत भारताचं पहिलं. त्यांच्यामागे रांग लागायला हवी होती. ती लागायला दहा वर्षं गेली.

आता तुमची मुलगी. सेंदाईची शाळा आणि युनिसिससारखी कंपनी तुम्ही उभी करू शकत नाही. पण त्या दोहोंनी दिलं काय? एकच जोडीदार, एकाच हॉलमध्ये, आठवड्याचे पाच-सहा दिवस, वाईट निकालांनंतरही. एवढं तुम्ही आणि त्या दुसऱ्या मुलीचे आईवडील मिळून देऊ शकता, आणि त्याला पेट्रोल आणि थोडा समजूतदारपणा एवढाच खर्च येतो.

जोडीदार ‘जरा हळू’ आहे म्हणता. कुठे हळू? पाय हळू असतील तर ते चौदा-पंधराव्या वर्षी सुधारतात, दोरीच्या उड्या आणि कोपऱ्यांचं फूटवर्क सहा महिने नेटाने केलं की फरक दिसतो. शटल ओळखायला हळू असेल तर तेही खेळून येतं. शक्यता अशीही आहे की तुमची मुलगीच तिच्या वाटचं शटल ओढून घेते, मग ती बिचारी थांबते, आणि तुम्हाला गॅलरीतून ती हळू दिसते. हे मी किती वेळा पाहिलं आहे! पुढच्या सामन्यात एक काम करा. मधल्या जागेत पडलेली शटल मोजा, आणि प्रत्येक वेळी आधी कोण हललं आणि मग कोण थांबलं ते वहीत टिपा. ‘माझं!’ ही हाक कोणी दिली, कधी दिली, तेही. वही प्रशिक्षकांना दाखवा, मुलींना नको.

जोडीदार बदलायला माझा सरसकट विरोध नाही. दोघींनाही पुढेच थांबायचं असेल आणि कोणीच मागे टिकत नसेल तर बदला. एकमेकींवर कोर्टात चिडचिड होऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत अबोला राहत असेल तर बदला. दुसऱ्या मुलीला खेळायचंच नसेल, फक्त बापाला खेळवायचं असेल, तर लगेच बदला. पण दुसऱ्या मुलीचा स्मॅश जोरदार आहे एवढ्यासाठी बदलणार असाल तर तुम्ही माझी जुनी निवड समिती आहात. आणि बदललीत तर निदान दोन मोसम बदलू नका. दर स्पर्धेला नवी जोडीदार घेणाऱ्या मुली मी ओळखते. त्या बारा जणींबरोबर खेळलेल्या असतात आणि मागे कोण आहे हे त्यांना एकदाही ठाऊक नसतं.

तोवर रिओची ती फायनल तुमच्या मुलीला एकटीला बघू देऊ नका. जोडीदाराला घरी बोलवा, पोहे करा, आणि तिसरा गेम १६-१९ पासून आवाज बंद करून लावा. मुलीला सांगा, मात्सुतोमोचे फक्त पाय बघायचे. जोडीदाराला सांगा, ताकाहाशीचे. मग पुन्हा लावा, आणि या वेळी दोघींनी अदलाबदल करायची.